रक्त यायचं थांबलं

विनीत घाडीनं जन्मभर काळजी घेतली ती छातीची. ट्रंपेटवाल्याला दम हवा आणि दम छातीत असतो, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. दातांकडे काही त्यानं बघितलं नाही. घात झाला तो तिथेच.

लालबागच्या चिवडा गल्लीमागच्या चाळीत त्याचा जन्म. बाप कुशाबा गिरणीत वाइंडिंग खात्याला. गिरणीला टाळं लागलं त्या वर्षी कुशाबानं तेरा वर्षांच्या पोराला दंडाला धरून चिंचपोकळीला नेलं, रुळांच्या कडेच्या पत्र्याच्या गाळ्यात. तिथे मॅथ्यू मास्तर बँडची वाद्यं दुरुस्त करायचे. पोचे काढायचे, फुटलेल्या नळ्यांना डाग द्यायचे, अडकलेले व्हॉल्व्ह सोडवायचे. शिवाय स्वतःचा बारा जणांचा बँड होता. भायखळ्यापासून माहीमपर्यंत कुणा ख्रिस्तावाचं लग्न असो की मयत, मास्तरांना निरोप यायचा.

"ह्याला शाळेत काय येत नाय," कुशाबा म्हणाला, "पण फुंकतो बरा. चाळीच्या गणपतीत शंख ह्योच फुंकता."

मास्तरांनी शंखाचं काही विचारलं नाही. पोराचा वरचा ओठ अंगठ्यानं उचलला आणि बाजारात बैल बघतात तसे त्याचे पुढचे दात बघितले. चार दात, पांढरे, एका रेषेत.

"वॉल फर्स्ट क्लास आहे, मॅन," ते म्हणाले. "सूर ओठात असतो. पण ओठ टेकतो कशावर? दातावर. ही चार विटांची वॉल सांभाळ, बाकी सगळं मी शिकवतो."

बाकी सगळं त्यांनी शिकवलं. विटांचं तेवढं पोरगा विसरला.

विसाव्या वर्षी विनीत बँडचा पहिला ट्रंपेट झाला. दिवसा गाळ्यात डाग द्यायचा, सांज-सकाळ वर्दीला, म्हणजे बँडचं बोलावणं येईल तिथे, जायचा. लाल कोट, सोनेरी फित, डोक्यावर टोपी. चाळीतली पोरं त्याला "काय कर्नल!" म्हणून हाक मारायची, तोही मग ऐटीत सलाम ठोकायचा. लग्न जमलं नाही. एकदा जमत आलं होतं, तर मुलीच्या मामानं विचारलं, मुलगा काय करतो? विनीतची आई अंबिका म्हणाली, बाजो वाजवता. मामा चहा न घेता उठला. ह्यावर विनीत हसायचा, कारण तेव्हा तो हसायचा.

मास्तरांच्या बँडची एक रीत होती. बँडमास्तर गेला की त्याची शवपेटी शिवडीच्या सिमेट्रीच्या गेटाशी थांबवायची. तिथे त्याच्या हातचा शिकलेला माणूस एकटा पुढे येणार आणि मास्तरनं आधीच निवडून ठेवलेली चाल वाजवणार. शेवटचा सूर संपला की मगच पेटी आत. मास्तरांनी स्वतः त्यांच्या गुरूला तसं पोचवलं होतं. आपल्यासाठी त्यांनी चाल निवडली होती ती मयताची नव्हे, लग्नाची. त्यांच्या लग्नात व्हायोलेट आंटी मांडवात आली तेव्हा वाजलेली. चाल साधी, पण शेवटचा सूर उंच आणि लांब. चार दात घट्ट असल्याशिवाय तो लागत नाही.

"जेरी ढोल बडवतो," मास्तर म्हणायचे. जेरी म्हणजे त्यांचा मुलगा. "ढोलावर मला पाठवशील तर मी पेटीतून उठून बसेन. विनीत, तू वाजवायचं."

"वाजवीन मास्तर. आधी तुम्ही मरा तर."

"मरतो, मॅन. घाई काय?"

इथवर सगळं हसण्यावारी होतं.

विनीत सिगारेट ओढायचा, दिवसाला एक पाकीट. तेहतिसाव्या वर्षी खोकला सुरू झाला. एका लग्नात नवरी चर्चच्या पायऱ्या उतरत असताना ऐन चालीत त्याला ढास लागली. मास्तरांनी तिथेच सगळ्यांसमोर झाडलं. "सिगारेट नाहीतर ट्रंपेट. एक ठेव." विनीतनं त्या दिवशी पाकीट गटारात टाकलं ते टाकलंच. बिचाऱ्यानं खरोखर सोडली हो.

तीन आठवड्यांनी माउथपीस पुसायला घेतलं तर फडक्याला लाल डाग. सकाळी ब्रश केला की बेसिनमध्ये गुलाबी पाणी. पेरू खाल्ला तर पेरूला रक्त. तो घाबरला. सिगारेट ओढत होता तेव्हा रक्ताचा थेंब नव्हता, सोडली आणि हे सुरू झालं.

अंबिका गॅलरीत बसून तव्यावर तंबाखू भाजत होती. मशेरी ती घरीच करायची, विकतची तिला चालत नसे. ओढणी तोंडाला लावून शेजारच्या बायका शिंकायच्या, हिला काही नाही.

"कित्याक सोडलंस ती शिगरेट?" ती म्हणाली. "तंबाखून दात आवळून धरल्यान होते. आता सैल झाले बघ. ही घे, सकाळ-संध्याकाळ लाव. माझ्या आवशीन लावल्यान, आजयेन लावल्यान. माझे अकरा दात अजून आसत ते कशान?"

"आणि बाकीचे एकवीस?"

"ते वयान गेले, मेल्या. ऱ्हवले ते मशेरीन."

विनीत हसला, पण बोटावर मशेरी घेतली. चार दिवसांत रक्त कमी झालं. आता मशेरी लावून लाल कोटात कसं जायचं? दात काळे दिसतात. तेवढ्यात बँडमधला सॅक्सोफोनवाला अभय कामाला आला. त्यानं खिशातून पेनासारखं निळं नळकांडं काढलं. ओढलं की पांढरा धूर, वास हापूस आंब्याचा. आत तेच निकोटिन, पण जळत काही नाही, खोकला नाही, दात काळे नाहीत. सरकारनं पुढे त्यावर बंदी आणली तरी भायखळ्याच्या एका पानवाल्याकडे काताच्या डब्यामागे ते मिळतच राहिलं.

"वेप आहे रे," अभय म्हणाला. "वाफ. नुसती वाफ. छातीला काय होत नाय."

विनीतनं आठवडाभर ओढलं. रक्त यायचं थांबलं. खोकला नव्हताच. दमही टिकला.

झालं, त्याच्या मनानं घेतलं. हे व्यसन नव्हेच, औषध आहे, आईच्या मशेरीची नवी जात आहे. आई बोटानं लावते, आपण वाफेनं लावतो. कुणी टोकलं तर तो सरळ म्हणायचा, "हिरड्यांसाठी घेतो." आणि थट्टा नव्हती ती, त्याला तसंच वाटत होतं. सात वर्षं त्यानं ते औषध घेतलं. सकाळी उठल्यावर, वर्दीच्या आधी, वर्दीनंतर, डाग देता देता.

ह्या सात वर्षांत तोंड नुसतं कोरडं पडायचं. जीभ टाळूला चिकटायची, वाजवायच्या आधी पाणी प्यायला लागायचं. पुढच्या दोन दातांत फट पडली. आधी दोरा जाईल एवढी, मग काडी जाईल एवढी. दात लांब झाल्यासारखे दिसायला लागले. ते लांब होत नव्हते, हिरडी वर सरकत होती. पण दुखत नव्हतं काही. आणि रक्तही येत नव्हतं.

फट पहिल्यांदा ऐकली ती मास्तरांनी. ऐकलीच म्हणायचं. गाळ्यात विनीत दुरुस्त केलेला ट्रंपेट वाजवून बघत होता, मास्तर पाठमोरे होते.

"लीक आहे," ते म्हणाले.

"नाही मास्तर, आत्ताच डाग दिला."

"ट्रंपेटमध्ये नाही." ते वळले आणि सत्तावीस वर्षांपूर्वीसारखा त्याचा ओठ अंगठ्यानं उचलला. बघितलं. दोन बोटांत एक दात धरून हलवला. तो हलला. तोंडाला आंब्याचा वास होता, आणि त्याच्या खाली दुसराच काहीतरी.

"वॉल पडते तुझी, मॅन," ते म्हणाले. आवाज असा की विनीतला ओरडून घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

विनीतच्याच चाळीतली दर्शना दातांची डॉक्टर झालेली. परळच्या नाक्यावर तिचा छोटा दवाखाना आहे. लहानपणी विसर्जनाला विनीतच्या खांद्यावर बसून नाचलेली पोर ती. तिनं त्याला खुर्चीत बसवलं आणि बारीक खुणा केलेली सळई एकेका दाताच्या कडेनं हिरडीत घालत मदतनीस मुलीला आकडे सांगायला लागली. "सात. आठ. नऊ. आठ."

"जास्त म्हणजे चांगलं का गं?" विनीतनं तोंड मोकळं होताच विचारलं.

"खोली तीन मिलिमीटर असायला पाहिजे, विनीतदादा." तिनं एक्स-रे दिव्यासमोर धरला. "हे बघ. हाड इथपर्यंत हवं. तुझं इथे आहे. दात हाडात नाहीत तुझे, नुसते मांसात उभे आहेत."

"पण रक्त तर येत नाही! सात वर्षं थेंब नाही."

"तेच तर!" ती जवळजवळ ओरडली. मग खुर्ची ओढून समोर बसली. "ऐक नीट. हिरडी आजारी पडली की रक्त येतं. ती ओरडते, समज. तुझ्या ह्या वेपमध्ये निकोटिन आहे. ते हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळतं. रक्त पोचतच नाही, तर येणार कुठून? वर त्या वाफेनं तोंड सुकतं, थुंकी कमी, किडीला रान मोकळं. आजार आत चालूच होता. तू फक्त हिरडीचं तोंड दाबून धरलंस."

विनीतनं बेसिनकडे बघितलं. "आईच्या मशेरीनं पण..."

"काकीचे किती राहिलेत?"

"अकरा."

दर्शनानं एक्स-रे खाली ठेवला.

तिनं सांगितलं ते असं. हिरड्या खोलवर साफ करायच्या. पुढचे दात मागून तारेनं एकमेकांना बांधायचे. सहा महिने ट्रंपेट ओठाला लावायचा नाही, आणि वेप आजपासून बंद. मग दात बहुतेक राहतील. शब्द देत नाही, पण राहतील.

"आणि एक लक्षात ठेव. वेप सोडलास की रक्त येईल. खूप येईल. घाबरायचं नाही. हिरडी जिवंत व्हायला लागली असं समजायचं. येऊ द्यायचं. काय?"

"येऊ द्यायचं."

"परत बोल."

"येऊ द्यायचं गं बाई. तू काय मास्तरीण आहेस का माझी?"

त्याच महिन्यात मास्तर अंथरुणाला खिळले. हृदय थकलंय, डॉक्टर म्हणाले. भायखळ्याच्या घरात खिडकीशी पलंग लावला. विनीत रोज गाळा बंद करून जायचा.

"किती महिने म्हणाली तुझी डॉक्टर?" मास्तरांनी विचारलं.

"सहा."

"म्हणजे मी सहा महिने मरायचं नाही? तुझ्या चार दातांसाठी?"

"एवढं करा मास्तर."

व्हायोलेट आंटी पेज भरवत होती. "त्याच्यासाठी थांब," ती म्हणाली. "माझ्यासाठी तर तू प्रॅक्टिस सोडून कधी जेवायला थांबला नाय."

"ओके," मास्तर म्हणाले. "थांबतो."

विनीतनं हिरड्या साफ करून घेतल्या, दात तारेनं बांधून घेतले आणि वेप सोडला. पहिले पाच दिवस हात खिशात जायचा आणि रिकामा परत यायचा. सहाव्या दिवशी ब्रशला रक्त आलं. येऊ द्यायचं, तो स्वतःशी म्हणाला. आठव्या दिवशी सकाळी अंबिकेची किंकाळी ऐकून तो उठला.

"झिला, ह्या काय रे! उशी बघ! सगळा रगात!"

उशीच्या अभ्र्यावर तळव्याएवढा डाग होता. तोंडात खारट चव. आरशात बघितलं तर दातांच्या फटीतून, तारेच्या कडेनं लाल रेघा.

"त्या चेडवान तुका काय लावल्यान? औषध की वीख?" अंबिका उशी उचलून दाखवत होती. "सात वर्सां बरो होतंस. तिच्याकडे गेलंस नि ह्या झाला. दात पडतीत आता तुझे. मगे मास्तराक काय वाजवशीत?"

तिनं मशेरीची डबी पुढे केली.

दर्शनाचा दवाखाना दहा मिनिटांवर होता. जाऊन विचारायचं होतं फक्त. पण रक्त बघितलं की माणूस शहाणपण कुठे शोधतो? ज्यानं एकदा थांबलं होतं, तेच तो शोधतो. विनीतनं आईची डबी बाजूला सारली आणि कपाटातल्या लाल कोटाच्या आतल्या खिशातून निळं नळकांडं काढलं.

दोन दिवसांत रक्त थांबलं. अंबिका म्हणाली, "बघलंस?"

दर्शनाकडे तो पुन्हा गेला नाही. तिचे दोन फोन आले, त्यानं "कामात आहे गं" म्हणून टाळले. चाळीत ती जिन्यात भेटेल म्हणून तो मागच्या जिन्यानं जायला लागला. मनाला त्यानं समजावलं की दात तारेनं बांधलेत, ट्रंपेट बंद आहे, रक्त नाही. म्हणजे बरं चाललंय.

एकदा मास्तरांनी विचारलं. आता ते उशांना टेकूनच असायचे, श्वास मोजून बोलायचे.

"ते नळकांडं... सुटलं?"

नळकांडं शर्टाच्या खिशात होतं. मास्तरांचा हात विनीतच्या मनगटावर होता.

"सुटलं मास्तर."

"गुड. किती राहिले?"

"सात आठवडे."

"लांब आहे, मॅन," मास्तर म्हणाले आणि डोळे मिटून हसले. "बघतो."

ते तीन आठवडे थांबले. एका गुरुवारी पहाटे व्हायोलेट आंटी पेज घेऊन आली तेव्हा गेलेले होते.

शुक्रवारी बँड निघाला. अकरा लाल कोट, दंडाला काळी फीत. विनीत सगळ्यांच्या पुढे, ट्रंपेट छातीशी धरून, न वाजवता. शिवडीच्या गेटाशी पेटी थांबली. जेरीनं ढोलाची दांडी खाली केली. व्हायोलेट आंटी काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

विनीत पुढे आला. पाच महिन्यांनी त्यानं माउथपीस ओठाला लावलं. चाल सुरू झाली. आवाज बारीक होता पण सरळ होता. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. व्हायोलेट आंटीची मान हळूच हलायला लागली, मांडवात शिरणाऱ्या नवरीसारखी. मग चाल वर चढायला लागली. उंच सुरासाठी त्यानं माउथपीस दाबलं.

आत काहीतरी वाकलं. दुखलं नाही, ओली फांदी वाकते तसं निमूट वाकलं. तार सुटली, तिचं टोक ओठात घुसलं, आणि सुराच्या जागी नुसती हवा आली. फुस्स.

त्यानं पुन्हा सुरू केलं, शेवटच्या ओळीपासून. पुन्हा तिथेच आल्यावर हवा. तिसऱ्यांदा तर सुरुवातही लागली नाही. माउथपीसच्या कडेनं लाल थेंब लाल कोटावर पडले, त्यामुळे लांबच्यांना काही दिसलं नाही. खांदेकऱ्यांनी खांदे बदलले. सूर संपल्याशिवाय पेटी आत जात नाही, आणि सूर लागतच नव्हता. चौथ्यांदा त्यानं ट्रंपेट उचलला तेव्हा व्हायोलेट आंटी काठी टेकत पुढे आली आणि ट्रंपेटवर हात ठेवून तो खाली केला.

"पुरे, बाबा," ती म्हणाली. "त्याला उभ्या-उभ्या किती ठेवायचं? जाऊ दे आत."

पेटी आत गेली. चाल तेवढी अर्धवट राहिली.

विनीत त्याच पावली दर्शनाकडे गेला, कोट न काढता. पुढचे चारही दात तिनं काढले. काढले कसले, बोटानं उचलले. तिनं एकदाही रागावून विचारलं नाही, आणि त्याचंच त्याला रडू आलं. कापूस दाबलेल्या तोंडानं तो एवढंच म्हणाला, "येऊ दिलं नाही गं मी."

वेप त्यानं त्या दिवसापासून सोडला. आठवड्यानं उरलेल्या दातांतून रक्त यायला लागलं. पंधरा दिवस येत होतं. रोज सकाळी बेसिनपाशी उभा राहून तो ते बघायचा, पाणी ओतायचा आणि कामाला जायचा. अंबिका दारातून बघायची. फक्त एकदा म्हणाली, "माझाच चुकला रे झिला." तो म्हणाला, "गप गं आये, माझं तोंड, मीच उघडलं." तिची मशेरी मात्र सुटली नाही. सत्तर वर्षांचं बोट ते, कुठे जाणार? पण आता ती गॅलरीत त्याच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून लावते.

कवळी बसवली आहे. जेवायला चालते. माउथपीस टेकवलं की सरकते.

चिंचपोकळीचा गाळा आता विनीतच चालवतो. डाग त्याचा अजून तसाच सुबक. पण ट्रंपेट दुरुस्त झाला की वाजवून बघायला लागतो, नाहीतर कळणार कसं की हवा कुठून गळते? गिऱ्हाईक असेल तर तेच फुंकतं. नसेल तेव्हा पंचाईत. मग व्हायोलेट आंटी येते. मास्तरांच्या हयातीत तिनं वाद्याला कधी हात लावला नव्हता, लावू दिलाच नव्हता. आता आठवड्यातून दोनदा भायखळ्याहून टॅक्सी करून येते, मास्तरांच्या स्टुलावर बसते, चष्मा कपाळावर सारते.

"आण."

विनीत ट्रंपेट तिच्या हातात देतो. ती गाल फुगवून फुंकते. पहिल्यांदा फुर्र होतं. मग एक सूर निघतो, खालचा, जाडा, म्हशीसारखा.

"माझ्याकडे एवढाच आहे," ती म्हणते.

"चालेल आंटी. धरा. सोडू नका."

ती धरते. विनीत डोळे मिटतो, कान नळीच्या सांध्याशी नेतो, आणि हवा कुठे गळतेय ते ऐकत राहतो.